पिल्लाचा पाय वाकडा आहे, म्हणजे नक्की काय?

निरोगी पिल्लाच्या पुढच्या पायावरून, कोपरापासून पंजापर्यंत, अंगठा आणि तर्जनी अलगद फिरवत नेली तर कातडीखाली एकमेकांना खेटून असलेली दोन हाडे बोटांना लागतात. पुढचे हाड म्हणजे रेडियस. शरीराच्या पुढच्या भागाचा बहुतेक भार कोपराकडून मनगटाकडे तेच वाहून नेते. मागचे हाड म्हणजे अल्ना. कोपराचे टोक त्याचेच, आणि खाली येताना ते निमुळते होत मनगटाच्या बाहेरच्या अंगाला टेकते. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली व्यायलेल्या एका भटक्या कुत्रीच्या पाच पिल्लांपैकी एकाचा डावा पंजा आत वळलेला दिसला, म्हणून मी त्याचा पाय असाच चाचपून पाहिला. त्यात एकच हाड लागले, आणि तेही धनुष्यासारखे वाकलेले. रेडियस नव्हतेच.

त्या आठवड्यात शेजाऱ्यांकडून मला चार कारणे ऐकायला मिळाली. आई त्याच्या अंगावर बसली असेल, पिल्ले पोटात असताना कोणीतरी कुत्रीला लाथ मारली असेल, ती ग्रहणात बाहेर फिरली असेल, नाहीतर कॅल्शियम कमी पडले असेल. सगळेच कळवळ्याने बोलत होते. मात्र या चारांपैकी कोणत्याही कारणाने पायातले आख्खे हाड नाहीसे होत नाही. तसे का होत नाही हे एकदा नीट समजले, तर वाकड्या पायाच्या पिल्लाचे पुढे काय करायचे याचाही बराचसा उलगडा होतो. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कुत्रीचे गर्भारपण साधारण ६३ दिवसांचे असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गर्भाच्या दोन्ही कुशींवर पायांचे बारीक कोंब फुटतात, आणि पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास पंजाची बोटे सुटी दिसू लागतात. म्हणजे पायाचा सगळा आराखडा जेमतेम दोन आठवड्यांत ठरून जातो. पुढच्या महिनाभरात तो फक्त वाढतो आणि टणक होतो. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर काढलेल्या एक्स-रेमध्ये पिल्लांचे सांगाडे दिसतात ते याचमुळे. कुत्री गाभण आहे हे तिच्या पोटावरून आपल्या लक्षात येते, तोवर पिल्लांचे पाय घडून झालेले असतात. उशिरा बसलेल्या लाथेने गर्भपात होऊ शकतो, कुत्रीचा जीवही जाऊ शकतो, पण त्या दोन आठवड्यांत जे हाड घडायचे होते ते लाथेमुळे न घडलेले ठरत नाही.

कोंबाला पाय कसा फुटतो हेही पाहण्यासारखे आहे. कोंबाच्या टोकाला पेशींची एक उंचवट्यासारखी कड असते आणि तिच्यातून निघणाऱ्या रासायनिक संदेशांवर पायाची लांबी वाढत जाते. कोंबाच्या मागच्या बाजूला पेशींचा दुसरा एक लहानसा पुंजका असतो, तो अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचा क्रम ठरवतो. त्याच्याकडून येणारा संदेश ज्या बोटापर्यंत जितका पोहोचेल, तसे ते बोट घडते. संदेश मध्येच तुटला तर एखादा भाग घडत नाही, भलत्या जागी उमटला तर जास्तीचे बोट फुटते, आणि बोटांच्या मधल्या पेशी वेळेवर मेल्या नाहीत तर बोटे जोडलेली राहतात. जन्मजात व्यंगांची वैद्यकीय नावे लांबलचक असली, तरी बहुतेकांच्या मुळाशी यांतलेच काहीतरी असते. संपूर्ण पायच नसणे म्हणजे अमेलिया. पायाच्या एखाद्या टप्प्यातले हाड नसणे म्हणजे हेमिमेलिया, आणि कुत्र्यांत या प्रकारात सर्वाधिक आढळते ते आमच्या पिल्लात होते तेच, म्हणजे रेडियसचे नसणे. पंजा मधोमध खोलवर दुभंगलेला असेल तर ती एक्ट्रोडॅक्टिली. ती बहुधा एकाच पुढच्या पायात दिसते, आणि अशा पिल्लाचे त्याच बाजूचे कोपरही निखळलेले आहे का हे आवर्जून तपासावे लागते.

इथे एका गैरसमजाबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण त्याचा त्रास पिल्लांना आणि त्यांच्या आयांनाही होतो. जन्मजात आणि आनुवंशिक हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नव्हेत. जन्मजात म्हणजे जन्माच्या वेळी असलेले, मग त्याचे कारण काहीही असो. आनुवंशिक म्हणजे आईबापांच्या जनुकांतून आलेले, मग ते दिसायला जन्मानंतर वर्ष लागले तरी. एकाच वेतातल्या पाच पिल्लांपैकी एकाचाच एक पाय अर्धवट असेल, तर कोंब घडतानाच्या त्या दोन आठवड्यांत त्या एका गर्भाच्या बाबतीत काहीतरी चुकले असण्याची शक्यता बरीच असते. काही औषधेही गर्भाला अपाय करतात: नायट्यासारख्या बुरशीच्या रोगांवर दिले जाणारे ग्रिसिओफल्विन गाभण कुत्रीला किंवा मांजरीला देऊच नये, आणि स्टिरॉइडेही पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत. अडचण अशी की धोक्याचा काळ नेमका तो असतो जेव्हा कुत्री गाभण आहे हे घरच्यांना ठाऊक नसते. म्हणून माजावर येऊन गेलेल्या कुत्रीला पुढच्या दोन महिन्यांत औषध देण्याची वेळ आली, तर ती लागली असण्याची शक्यता पशुवैद्याला आपण होऊन सांगावी.

याउलट, शुद्ध आनुवंशिक असूनही ज्याला कोणी व्यंग म्हणत नाही, असेही काही असते. आपल्याकडे खेड्यापाड्यांत कुत्र्याची नखे मोजतात. सर्वसाधारण कुत्र्याला पुढच्या प्रत्येक पंजाला पाच आणि मागच्या प्रत्येक पंजाला चार अशी अठरा नखे असतात. मागच्या पायांनाही आतल्या बाजूला एकेक जास्तीचे नख असेल तर तो वीस नखी कुत्रा, आणि त्याला राखणीला चांगला मानणारे लोक मी पाहिले आहेत. बोटांचा क्रम ठरवणारा जो संदेश वर सांगितला, त्याच्या जनुकाला चालू-बंद करणारी एक कळ त्या जनुकापासून डीएनएची सुमारे दहा लाख अक्षरे दूर, दुसऱ्याच जनुकाच्या पोटात बसलेली आहे. त्या कळीत एका अक्षराचा फरक पडला की संदेश कोंबाच्या पुढच्या कडेलाही उमटतो आणि तिथे जास्तीचे बोट फुटते. कुत्र्यांच्या काही जातींत हा बदल २००८ मध्ये शोधला गेला. फ्रान्समधील ब्रियार्ड आणि बोसरॉन या मेंढपाळी जातींत मागच्या पायाला दुहेरी जास्तीची नखे असणे हे जातीचे लक्षणच मानले जाते. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील लुंडेहुंड या कुत्र्याला तर प्रत्येक पंजाला सहा बोटे असतात, आणि कड्याकपारींतून पफिन पक्षी पकडून आणण्यासाठी त्याला पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले. वीस नखी कुत्र्याला या जास्तीच्या बोटाचा सहसा काही त्रास नसतो. फक्त ते नख जमिनीला लागत नसल्यामुळे झिजत नाही, गोल वळत मांसात रुतते आणि मग कुत्रा लंगडू लागतो. महिन्याला एकदा ते कापले म्हणजे झाले.

डॅक्सहुंडची गोष्ट मात्र इतकी निरुपद्रवी नाही. जर्मनीत बिज्जूच्या बिळात शिरून त्याला बाहेर काढण्यासाठी तयार केलेला हा लांब धडाचा आणि आखूड पायांचा कुत्रा आज पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये जागा कमी लागते म्हणून आवडीने पाळला जातो. त्याचे पाय आखूड का, याचे उत्तर २००९ मध्ये मिळाले. शरीरात एखादे जनुक वापरायचे असते तेव्हा त्याची कामापुरती नक्कल काढली जाते, आणि काम झाले की ती नक्कल नष्ट होते. फार पूर्वी एका कुत्र्यात एफजीएफ-४ नावाच्या वाढीच्या जनुकाची अशी एक नक्कल नष्ट न होता मूळ पोथीतच भलत्या जागी, अठराव्या गुणसूत्रावर, चिकटून बसली. त्या जास्तीच्या प्रतीमुळे वाढीच्या काळात हाडांच्या टोकांना चुकीचे संदेश मिळतात, तिथली कूर्चा लवकर थकते आणि पायांची हाडे आखूड राहतात. डॅक्सहुंड, बॅसेट हाउंड, कॉर्गी यांच्या आखूड पायांचे मूळ हेच. पुढे २०१७ मध्ये याच जनुकाची आणखी एक जादा प्रत बाराव्या गुणसूत्रावर सापडली, आणि तिचा संबंध पायांइतकाच पाठीच्या मणक्यांशी निघाला. दोन मणक्यांच्या मधल्या गादीत जो लवचिक गर असतो, तो अशा कुत्र्यांत वयाच्या पहिल्या वर्षातच सुकून चुन्यासारखा कडक होऊ लागतो, आणि पुढे एखाद्या दिवशी सोफ्यावरून उडी मारताना तो फुटून मज्जारज्जूवर दाबला जातो. डॅक्सहुंडांपैकी साधारण पाचातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी पाठीचा हा आजार होतो. आपण ज्या रूपावर भाळतो ते हाडांच्या वाढीतले व्यंग आहे, माणसाने ते निवडून वाढवले आहे, आणि त्याची किंमत कुत्रा चुकवतो. हे मला स्पष्ट सांगावेसे वाटते. ज्यांच्या घरी डॅक्सहुंड आहे त्यांनी त्याचे वजन वाढू देऊ नये, सोफ्याला उतार लावावा, आणि मागचे पाय अचानक लटपटू लागले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आता ज्या व्यंगात आपल्या हातून सर्वांत जास्त भले होऊ शकते, त्याच्याकडे येतो. पिल्लाचे डोळे दहाव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात, त्याच सुमारास ते पुढच्या पायांवर छाती उचलू लागते, आणि तिसरा आठवडा सरेपर्यंत डुलत डुलत चार पावले टाकते. कधी कधी वेतातले एखादे पिल्लू, बहुधा सर्वांत गुबगुबीत, हे काहीच करत नाही. ते पोटावर सपाट पडून राहते, चारही पाय बेडकासारखे दोन्ही अंगांना फाकतात, आणि दुधाकडे जायचे झाले की ते जमिनीवर पोहल्यासारखे हातपाय मारते. इंग्रजीत त्याला स्विमर पपी म्हणतात. यात हाडे सगळी असतात, जागेवर असतात. पाय पोटाखाली ओढून धरणाऱ्या स्नायूंचे बळ मात्र वेळेवर आलेले नसते. सतत पोटावर पडून राहिल्याने छातीचा पिंजरा चपटा होतो, मग श्वास अपुरा पडतो, दूध घशातून भलतीकडे जाते, आणि मूळचा साधा दोष जिवावर बेततो. घसरती फरशी आणि अंगावरची चरबी या दोन गोष्टी त्यात भर घालतात. वर्तमानपत्रावर ठेवलेल्या पिल्लाच्या पायांना तर पकड मिळतच नाही.

उपाय साधा असला तरी रोजचा आणि चिकाटीचा आहे. वर्तमानपत्र काढून तिथे खरखरीत चटई, जुना टर्किश टॉवेल किंवा रबरी मॅट पसरावी. मागचे दोन पाय नैसर्गिकरीत्या जितक्या अंतरावर असायला हवेत तितक्या अंतरावर, मऊ चिकटपट्टीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा देऊन, एकमेकांना सैल बांधावेत. पट्टी आणि कातडीच्या मध्ये करंगळी सहज शिरली पाहिजे, आणि दोन-तीन दिवसांनी ती सोडून कातडी लाल झाली आहे का हे पाहून पुन्हा बांधावी, कारण या वयात पाय रोज वाढतो. पहिला वेढा पशुवैद्याकडून शिकून घ्यावा. दिवसातून पाच-सहा वेळा पिल्लाला पोटाखाली हात देऊन उभे धरावे, पंजे जमिनीवर टेकवावेत, पाय सायकल चालवल्यासारखे हळूहळू फिरवावेत, आणि झोपताना त्याला कुशीवर वळवून पाठीशी गुंडाळलेला टॉवेल लावावा. तिसऱ्या आठवड्यातच हे सुरू झाले तर बहुतेक पिल्ले दोन ते चार आठवड्यांत उभी राहतात. पण सांधे आखडेपर्यंत वाट पाहिली तर हाच उपाय तितका लागू पडत नाही. ‘हे पांगळेच जन्मले’ म्हणून टाकून दिलेल्या पिल्लांत अशी किती असतील, या विचाराने मला फार वाईट वाटते.

जन्माच्या वेळी सरळ असलेले पाय वाढताना वाकतात, तो प्रकार वेगळा, पण लोक त्यालाही जन्मजातच समजतात. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात, आणि हाड लांबीने वाढते ते तिथेच. अल्नाची बहुतेक, म्हणजे सुमारे ८५ टक्के, वाढ मनगटाजवळच्या एकाच थरातून होते, आणि कुत्र्यात हा थर सपाट नसून शंकूच्या आकाराचा असल्यामुळे पिल्लू उंचावरून पडले की तो चेंगरतो. मग अल्ना वाढायचे थांबते, शेजारचे रेडियस मात्र वाढत राहते, आणि धनुष्याच्या दोरीने काठी वाकावी तसे अल्ना त्याला वाकवते. पंजा बाहेर वळतो. वाढीचे महिने शिल्लक असतील तर अल्नाचा लहानसा तुकडा काढून ती दोरी मोकळी करता येते. वाढ संपल्यावर हाड कापून सरळ करण्याची मोठी शस्त्रक्रिया लागते. म्हणून चार-पाच महिन्यांच्या पिल्लाचा एकच पंजा बाहेर वळू लागलेला दिसला तर आठवडेही मोलाचे असतात.

कॅल्शियमचे तर आपल्याकडे मोठेच प्रस्थ आहे. पाय वाकडा दिसला की औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली येते. नुसता भात आणि बिनहाडाचे चिकन यांवर वाढणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडते आणि त्याची हाडे मऊ पडून वाकतात, हे खरे आहे. परंतु पिल्लांसाठीचा संतुलित आहार मिळत असताना वरून कॅल्शियम देणे मोठ्या जातीच्या पिल्लांना घातक ठरते. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत जादा कॅल्शियममुळेच हाडांची वाढ बिघडल्याचे दिसून आले, कारण इतक्या लहान वयात नको असलेले कॅल्शियम आतड्यातच अडवण्याची क्षमता पिल्लाला आलेली नसते. कोवळ्या उन्हात ठेवण्याचा सल्लाही असाच आहे: माणसाच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होते, कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसे होत नाही, त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते. ऊन पिल्लाला ऊब देईल, वाकलेली हाडे सरळ करणार नाही. सहा ते बारा आठवड्यांच्या काही पिल्लांचे मनगट अचानक पुढे झुकते, तेव्हाही घाबरून घट्ट पट्ट्या बांधू नयेत. चांगला आहार आणि न घसरणारी जमीन मिळाली की ते बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप सावरते.

पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत मागचा एक पाय चालता चालता दोन पावलांपुरता उचलला जातो आणि पुन्हा ठीक होतो. मालकांना ती त्याची लकब वाटते. खरे तर गुडघ्याची वाटी आपल्या खोबणीतून आतल्या बाजूला सरकलेली असते. मांडीच्या हाडाची ठेवण जन्मापासूनच तशी असते आणि वाटी सरकू लागते ती पुढे वाढीच्या काळात. पशुवैद्य तिच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत वाटी बोटाने ढकलली तरच सरकते, चौथीत ती कायमची बाहेर असते. पहिल्या पायरीला वजन आटोक्यात ठेवणे बहुतेकदा पुरते, वरच्या पायऱ्यांना शस्त्रक्रिया लागते.

पाय मुळातच अपुरा असेल तर काय, हा प्रश्न राहतो. कुत्रा आपल्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर घेतो, म्हणून पुढच्या पायातले व्यंग जास्त जाणवते. पण पुढचा पाय धडाला सांध्याने जोडलेला नसतो. कुत्र्याला आपल्यासारखे कामाचे गळपट्टीचे हाड नाही, आणि त्याचा खांदा केवळ स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. त्यामुळे एकच पुढचा पाय उरला तर तो शरीराच्या मध्यरेषेकडे सरकू शकतो, आणि लहान वयात तर शरीर त्या नव्या तोलाला धरूनच वाढते. डच प्राणिशास्त्रज्ञ स्लायपर यांनी १९४२ मध्ये पुढच्या पायांवाचून जन्मलेल्या शेळीच्या एका करडाचे वर्णन केले. ते मागच्या दोन पायांवर उड्या मारत चालायला शिकले होते, आणि त्याच्या मृत्यूनंतर पाहिले तर त्याच्या कंबरेची हाडे व स्नायूही त्या चालीला साजेसे बदललेले होते. अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये २००२ साली पुढच्या पायांत व्यंग घेऊन जन्मलेली फेथ नावाची कुत्री अशीच दोन पायांवर चालत बारा वर्षांच्या आसपास जगली. ही टोकाची उदाहरणे आहेत. मात्र तीन पायांचा कुत्रा धावतो, जिने चढतो, यात नवल असे काही नाही. म्हणून अर्धवट पाय कापायचा की ठेवायचा याचा निर्णय तो दिसतो कसा यावर न घेता, पिल्लू तो वापरते का, आणि वापरताना त्याला जखमा होतात का, यावर घ्यावा.

पैदाशीबद्दल एवढेच, की व्यंग असलेल्या कुत्र्याचे नसबंदीकरण करावे, आणि ज्या जोडीला असे पिल्लू झाले ती जोडी पुन्हा लावू नये. व्यंग आनुवंशिक आहे की नाही याची खात्री करण्यासाठी आणखी एक वेत पणाला लावणे योग्य नाही. भारतात २०१७ च्या कुत्रापैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. या नियमाचा घेणाऱ्यालाही फायदा आहे, कारण त्या वयाचे पिल्लू चालताना पाहता येते. चार आठवड्यांचे पिल्लू टोपलीत बसवून दाखवले जाते, आणि टोपलीत सगळीच पिल्ले सारखी दिसतात.

जिन्याखालच्या पिल्लाचा पाय आम्ही ठेवला. पशुवैद्यांनी एक्स-रे काढला, कोपर जागेवर असल्याचे दाखवले, आणि वाढ पुरी होईपर्यंत वाट पाहू म्हणाले. पिल्लू त्या पायाने जमिनीला पंजा न लावता मनगटाच्या कडेने टेकते, विशेषतः खाताना आणि अंग खाजवताना. तिथे सिमेंटवर घासून कातडी सोलली जाई, म्हणून लहान मुलाच्या मोज्याला तळाशी जुन्या चपलेचे मऊ चामडे शिवून तो चढवला आहे. मोजा दर चार दिवसांनी फाटतो. वरच्या मजल्यावरच्या आजींनी त्यांच्या नातवाचे मोजे धुऊन ठेवले आहेत, आणि पिल्लाच्या आईची नसबंदी मागच्या महिन्यात झाली.